पाच मिनिटांची चित्रफीत आणि विहारातली शाळा

चुल्लपंथकाची गोष्ट आपल्या बालसंस्कार वर्गांतून नेहमी सांगितली जाते. थोरला भाऊ महापंथक हा विद्वान भिक्खू. धाकट्याला मात्र चार महिने घोकूनही एक गाथा पाठ होईना. पुढचा शब्द धरला की मागचा सुटे. शेवटी थोरल्या भावानेच त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तो रडत दाराशी उभा असताना तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ पांढऱ्या कापडाचा एक तुकडा दिला आणि तो हाताने चोळत बसायला सांगितले. थोड्या वेळाने कापड मळले. शब्द ज्याच्या मनात ठरत नव्हते त्याला त्या मळलेल्या कापडावरून अनित्यता उमगली आणि मनावरचा मळ म्हणजे काय तेही उमगले.

या गोष्टीत दोन शिक्षक आहेत. एक पाठांतर घेतो आणि जमले नाही की घालवून देतो. दुसरा एकच छोटी वस्तू समोर ठेवतो, ती नीट पाहू देतो आणि समजेपर्यंत वाट पाहतो. आज घराघरात मोबाइल आहे आणि त्यावर पाच-सात मिनिटांच्या शैक्षणिक चित्रफिती फुकट पाहता येतात. अपूर्णांकापासून पासबुक वाचण्यापर्यंत कोणताही विषय त्यात सापडतो. या चित्रफिती आपल्या मुलांच्या, तशाच आपल्या आयाबहिणींच्या आणि आजोबांच्या हाती कोणत्या शिक्षकासारख्या पडणार, याचा विचार प्रत्येक विहार समितीने आणि महिला मंडळाने करण्याची वेळ आली आहे.

मोबाइल आहे म्हणजे शिक्षण आहे, असा अनेक पालकांचा समज आहे. 'असर' या नावाने ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी होत असते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना विचारले गेले की गेल्या आठवड्यात तुम्ही मोबाइल कशासाठी वापरलात. शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला असे सांगणारे सुमारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के. यंत्र तेच, बोटही तेच. आधीच्या, म्हणजे २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटाचा आणखी एक आकडा आहे आणि तो आपल्याला अधिक टोचला पाहिजे. मोबाइल वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा मोबाइल होता. मुलींमध्ये हेच प्रमाण सुमारे २० टक्के. सावित्रीमाईंची जयंती आपण थाटात करतो. घरातला मोबाइल संध्याकाळी प्रथम कोणाच्या हाती जातो, हेही जरा पाहावे.

फळ्यामागचे डबे

बाबासाहेबांच्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक प्रसंग नोंदलेला आहे. गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गातल्या सवर्ण मुलांनी एकच गलका केला, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डबे हलवले गेले, मगच बाबासाहेबांना फळ्याला हात लावता आला. गणित ठाऊक असूनही फळ्यापर्यंतची चार पावले किती लांब असू शकतात ते यावरून समजते.

ते डबे आज नाहीत. पण घरात पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारा. न समजलेले पुन्हा विचारायला त्याची जीभ रेटत नाही. एवढे साधे कसे कळत नाही, असे कोणी म्हणेल याची धास्ती असते. घरी विचारावे तर आई चार घरची धुणीभांडी करून आलेली, वडील नाक्यावरून थकून आलेले. शिकवणीला पैसे नाहीत. असे मूल गप्प बसते. इयत्ता वाढत जाते आणि गप्प बसण्याची सवयही वाढत जाते.

चित्रफितीचे पहिले बळ नेमके इथे आहे. अमेरिकेत सलमान खान नावाचे एक गृहस्थ आहेत (सिनेमातले नव्हेत!). २००४ साली ते दूरच्या गावी राहणाऱ्या नात्यातल्या एका मुलीला फोनवरून गणित शिकवू लागले. पुढे आणखी भावंडे आली, वेळ पुरेना, म्हणून २००६ पासून त्यांनी छोटे छोटे धडे चित्रफितीवर उतरवून यूट्यूबवर ठेवायला सुरुवात केली. भावंडांनी त्यांना गमतीची गोष्ट सांगितली की प्रत्यक्ष तुमच्यापेक्षा आम्हाला चित्रफितीतले तुम्ही बरे वाटता! कारण उघड होते. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते, मागच्या इयत्तेतले विसरलेले पुन्हा पाहता येते आणि दहाव्यांदा पाहिले तरी तिच्या कपाळावर आठी पडत नाही. यातूनच २००८ साली खान अकादमी ही ना-नफा संस्था उभी राहिली.

लाजणाऱ्या मुलाला याहून मोठा आधार कोणता? मात्र चित्रफितीची उणीवही याच ठिकाणी आहे. मुलाला समजले नाही हे तिला कळत नाही. मुलाने मान डोलावली, झोप काढली किंवा बोट सरकवून नाचगाण्यावर गेले तरी ती आपली बोलतच राहते. म्हणून तिच्या शेजारी एक माणूस बसलेला हवा. तो बी.एड. झालेला नसला तरी चालेल. योग्य वेळी चित्रफीत थांबवून, काय पाहिलेस ते सांग बरे, एवढे विचारणारी बारावीची ताईसुद्धा पुरते.

पडद्यावरची शाळा आपल्याकडे नवी नाही. १९७५-७६ साली 'साईट' या प्रयोगात उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक टीव्हीवर शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे आणि ते सुरुवातीचे संगीत अजून गुणगुणते. २०१७ साली ही संस्था बंद करण्यात आली. कोरोनात शाळा बंद असताना, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' दाखवली गेली. मोबाइल नसलेल्या घरांना तेव्हा टीव्हीनेच हात दिला.

तिरपा बांबू

चांगली चित्रफीत कशी असते? पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी विज्ञानकेंद्र आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेले अरविंद गुप्ता यांनी तिथे अनेक वर्षे काम केले. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणे हा त्यांचा ध्यास. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खेळणी कशी करायची हे दाखवणाऱ्या, दीड-दोन मिनिटांच्या शेकडो चित्रफिती केल्या आणि कोणालाही फुकट पाहता येतील अशा खुल्या ठेवल्या. त्यांतल्या अनेक मराठीतही आहेत.

त्यांचा एक खेळ असा. आगपेटीच्या काड्या घ्यायच्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे कापायचे. दोन काड्यांची टोके एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी खोचली की सांधा तयार होतो. चार काड्यांचा चौकोन करून बोटाने दाबला की तो लगेच तिरका होऊन बसतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. मग चौकोनाच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आणखी एक तिरपी काडी बसवायची, थोडी लांब. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि डुगडुगणारा चौकोन घट्ट उभा राहिला. खर्च म्हणाल तर पाच-दहा रुपये.

आता विचार करा, हा खेळ विहारात दाखवला आणि मागे बसलेल्या पालकांत एखादा बिगारी काम करणारा बाप असला तर काय होईल? इमारतीच्या परांचीला तिरपा बांबू का बांधायचा हे त्याला कोणत्याही अभियंत्याइतके ठाऊक असते. तो बांबू सुटला तर परांची कशी झुकते हे त्याने पाहिलेले असते, कधी त्यात सोबती जायबंदी झालेलाही पाहिलेला असतो. ज्या ज्ञानावर तो रोज जीव सांभाळतो ते शाळेच्या पुस्तकात 'त्रिकोणाची दृढता' म्हणून छापलेले आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चित्रफीत थांबवून त्याला बोलते केले तर त्या संध्याकाळी शिक्षक तोच होतो. मुलगा आपल्या बापाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. विजेचा मनोरा, रेल्वेचा पूल, मंडपाची कैची, सगळीकडे त्रिकोण दिसू लागतात. दोन मिनिटांच्या चित्रफितीने अर्धा तास गप्पा चालतात. माझ्या मते चांगल्या चित्रफितीची खूण हीच आहे की ती संपल्यावर माणसे बोलू लागतात आणि हात काहीतरी करू लागतात.

लांबीबद्दल थोडे. २०१४ साली फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 'एडएक्स' या संगणकीय शिक्षणमंचावरील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफितींच्या नोंदी तपासल्या. चित्रफीत कितीही लांब असो, पाहणाऱ्यांचे लक्ष साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. छापील मजकूर दाखवत बोलणाऱ्यापेक्षा हाताने आकृती काढत समजावणारा लोकांना अधिक धरून ठेवत होता. खडू-फळ्याने शिकवणाऱ्या आपल्या जुन्या गुरुजींना हे ऐकून बरे वाटेल! अर्थात हे बहुतेक मोठ्या वयाचे विद्यार्थी होते. सात वर्षांच्या पोरासाठी दोन-तीन मिनिटे पुष्कळ झाली.

आजींसाठी, काकांसाठी

शिक्षण म्हटले की आपण मुलांपाशी थांबतो. जोतिबा आणि सावित्रीमाई थांबले नव्हते. १८४८ साली मुलींची शाळा काढल्यावर १८५५ साली त्यांनी दिवसा राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी ठेवले. शिकणाऱ्याच्या वेळेप्रमाणे शाळा वाकली पाहिजे, ही आपली परंपरा आहे. चित्रफितीला तर वेळच नसते. भांडी घासून झाल्यावर रात्री नऊ वाजताही ती सुरू करता येते.

मोठ्या माणसांना काय दाखवावे? त्यांना रोज नडते ते. बाळाला हगवण लागली तर घरच्या घरी जीवनजल कसे करायचे, हे उदाहरण घेऊ. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे कागदावर वाचून कळते, पण 'सपाट चमचा' म्हणजे किती हे वाचून कळत नाही. चमच्यावरची रास बोटाने किंवा सुरीने सारखी केलेली दिसली की एका क्षणात कळते. मीठ जास्त पडले तर बाळाला अपाय होतो, म्हणून तो क्षण मोलाचा आहे. बँकेचा पैसे काढण्याचा कागद भरणे, मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही का सांगायचा नाही, रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून का बंद करायची नाही, हे विषयही असेच. पाहिल्यावर लगेच करून बघायला लावावे. कोरा कागद आणून प्रत्येकीने भरावा.

अक्षरओळखीसाठी तर एक फार सुंदर युक्ती आहे. अहमदाबादच्या आय.आय.एम. मधील ब्रिज कोठारी यांना १९९६ साली सुचलेली. टीव्हीवर गाणे चालू असताना त्याच गाण्याचे शब्द त्याच भाषेत खाली उमटायचे आणि जो शब्द गायला जातो त्याचा रंग बदलायचा. पुढे दूरदर्शनच्या चित्रगीतांच्या कार्यक्रमांत हे करून पाहण्यात आले. गाणे पाठ असल्यामुळे पुढचा शब्द कानाला आधीच ठाऊक असतो, डोळा फक्त त्याचे रूप ओळखतो. न शिकवता वाचन सुधारत जाते.

आता आपल्या आयाबहिणींना पाठ असलेली गाणी कोणती? भीमगीते! वस्तीतल्या सत्तरीच्या आजीला सही करता येत नसेल, पण भीमगीतांची कडवीच्या कडवी मुखोद्गत असतात. तीच गाणी शब्दांसह पडद्यावर दाखवली तर? मोबाइलवर हे करणारी साधने आता फुकट मिळतात आणि महाविद्यालयात जाणाऱ्या कोणत्याही मुलामुलीला ती एका दुपारी शिकता येतात. लोककवी वामनदादा कर्डक स्वतः मोठेपणी अक्षरे शिकले आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी वाचन पक्के केले. मोठ्या वयात अक्षर गिरवण्याची लाज वाटणाऱ्या आजीला आधी वामनदादांची ही हकीकत सांगावी, मग गाणे लावावे.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. काही भिक्खूंना बुद्धवचन छंदस् भाषेत बांधावेसे वाटले तेव्हा तथागतांनी ते नाकारले आणि लोकांच्या आपल्या बोलीत धम्म शिकायला मुभा दिली, असे विनयपिटकात आहे. इंग्रजी चित्रफीत लावून मुले इंग्रजी शिकतील अशी आशा धरणारे पालक पुष्कळ आहेत. विषय नवा, भाषाही परकी, मग मूल चित्रे पाहून उठते. विषय आधी मराठीत समजू द्यावा, नंतर तीच चित्रफीत इंग्रजीत दाखवावी. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींना कन्नड बोलणाऱ्या मुली भेटल्या. त्यांच्यासाठी ते स्वतः कन्नड शिकले, त्यांनी धडे ध्वनिचित्रमुद्रित केले आणि पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून पुस्तकाशी जोडले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. आता बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापलेले असतात. मोबाइलने ते टिपले की सरकारच्या 'दीक्षा' या मंचावर त्या धड्याचे साहित्य उघडते (नाव योगायोगाने आपल्या किती जवळचे!). एक पैसा लागत नाही.

हे ठासून सांगण्याचे कारण आहे. शिकवणीची ॲप विकणारे प्रतिनिधी वस्त्यांतून फिरतात. मुलाची एक चाचणी घेतात, तो किती मागे आहे हे आईला दाखवतात आणि वर्ष-दोन वर्षांच्या हप्त्यावर तिची सही घेतात. हप्त्याच्या कागदामागे बहुधा कर्ज असते. मुलाने पाहणे सोडले तरी हप्ता सुटत नाही. असा कागद समोर आला तर सही करण्याआधी विहारातल्या शिकलेल्या माणसाला दाखवावा आणि घरातल्याच पुस्तकावरचा कोड आधी उघडून पाहावा.

खर्चाचे गणित अवघड नाही. बहुतेक विहारांत किंवा समाजमंदिरांत एक टीव्ही असतो, नसला तर एखाद्या दात्याकडून मिळतो. चित्रफिती एका ठिकाणी उतरवून पेनड्राइव्हवर घेतल्या की इंटरनेटशिवाय टीव्हीवर चालतात. साध्या दर्जाच्या पाच मिनिटांच्या फितीला वीस-तीस एमबी पुरतात, म्हणजे छोट्याशा पेनड्राइव्हमध्ये वर्षाचे वर्ग मावतात. टीव्हीवर दाखवण्याचा आणखी एक फायदा असा की बोट सरकवून पळून जाता येत नाही आणि सगळे एकत्र पाहतात.

दाखवणाऱ्याने फीत आदल्या दिवशी स्वतः पूर्ण पाहिलेली असावी. कुठे थांबवायचे ते ठरवून ठेवावे. इतिहासाच्या फितींबाबत जास्त जपावे, कारण बाबासाहेबांच्या तोंडी न बोललेली वाक्ये घालणाऱ्या फिती मोबाइलवर खूप फिरतात, आपलीच माणसे त्या भक्तिभावाने पुढे पाठवतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले 'लेखन आणि भाषणे' यांचे खंड आपल्या वाचनालयात असतात. एखादे वाक्य संशयास्पद वाटले की मोठ्या मुलांना खंड काढून शोधायला बसवावे. ते सापडले तर मूळ संदर्भ कळतो, न सापडले तर पुढच्या वेळी पोरे स्वतःच विचारतात, कोणत्या खंडात आहे?

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. माणसे जमलेलीच असतात, सतरंजी अंथरलेली असते. वाचन आणि वंदना आटोपल्यावर वीस मिनिटे आणखी बसता येईल. पहिल्या संध्याकाळी काड्यांचा त्रिकोण घ्यावा. आगपेट्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब आधीच आणून ठेवाव्यात, लहानांच्या हाती काड्यांची गुले काढूनच द्याव्यात, आणि रिमोट एखाद्या मुलीकडे सोपवावा.